स्वेटरसकट

ताई,

बाळाला जाऊन महिना झाला. भेटायला येईल त्याला तू त्याचं वजनाचं कार्ड दाखवतेस. "शेवटपर्यंत वजन वाढत होतं हो, त्याच्या मावशीनेच केलंय," म्हणतेस. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठते.

दवाखान्यात परक्यांची बाळं मी उघडी करूनच काट्यावर ठेवते, आया कितीही कुरकुरल्या तरी. तू मात्र म्हणालीस, "थंडी आहे गं, राहू दे स्वेटर." भाच्यापुढे माझा नियम विरघळला. पुढच्या महिन्यात टोपी-मोजे आले, नंतर जाड दुपटं. कार्डावरची रेघ वर जात राहिली. तो दूध ओढेना म्हणून तू घाबरलीस, तेव्हा ती रेघ बघूनच डॉक्टर म्हणाले, "काळजी नको."

काल तू त्याचे ते कपडे मला ठेवायला दिलेस. मी ते काट्यावर ठेवले. सहाशे ग्रॅम भरले. थंडी सुरू झाल्यापासून कार्डावर तो वाढलाय पाचशे.

हे तुला सांगायला हवं. पण मग तुझ्याकडे उरेल काय? उद्या कुणीतरी येईल, तू कार्ड काढशील, आणि मी पाणी आणायला उठेन.

तुझी,
धाकटी