कापलेला प्रश्न

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग मी अजून जपलाय, शाळेत पाठ केलेली कविता म्हातारपणी जपावी तसा.

कविता तुम्हीच तर शिकवलीत. शाळेमागच्या आंब्याखाली, पानांतून गळणारं ऊन पाटीवर हलत असायचं आणि तुम्ही चालीवर म्हणायचात. मग आकुर्डीला कारखाना आला, ट्रकसाठी रस्ता रुंद करायचा ठरला. गाव तुमचा शब्द मोडत नसे, म्हणून कंत्राटदार आधी तुमच्याकडे आला. तुम्ही आंबा तोडायला होकार दिलात. आई शेणाच्या हातांनीच धावत आली. "गुर्जी, माझ्या सासऱ्यानं लावल्यालं झाड हाय. त्याच्याखाली माझं पोर वाचाय शिकलं."

"शिकलं ना? मग झाडाचं काम झालं, बाई." तुम्ही हसलात, म्हणून गावही हसलं. आई पुन्हा त्या वाटेनं गेली नाही.

पुढे मी त्याच कारखान्याच्या प्रसिद्धी खात्यात लागलो. व्हिडिओ कॅमेरा नवाच आला होता. महाराजांनी रयतेची झाडं कशी राखली, यावर एका संग्रहालयासाठी मुलाखती घ्यायच्या होत्या. जाणकार कोण, असं साहेबांनी विचारलं आणि मी तुमचं नाव सांगितलं. आदरानं नव्हे.

तुम्ही खुर्चीत बसलाय, धुवट धोतर, डोक्यावर टोपी. झाड म्हणजे रयतेचं लेकरू, असं फार सुरेख बोलताय. मी कॅमेऱ्यामागून विचारतो, "गुरुजी, शाळेमागचा आंबा कुणाच्या शब्दानं तुटला?" तुमचे ओठ हलतात, आवाज फुटत नाही. डोळे भरतात. मी कॅमेरा बंद करत नाही. राहा असेच, मनात म्हणतो, आईसुद्धा अशीच उभी होती.

पण आमच्या कामाची रीत अशी, की विचारणाऱ्याचा आवाज कापायचा आणि उत्तर तेवढं ठेवायचं. साहेबांनी माझा प्रश्न काढला, तुमचं गप्प राहणं ठेवलं. "काय गहिवरलेत राव म्हातारबुवा," म्हणाले. तुम्ही वारलात, आणि संग्रहालयात लोक पडद्यावरच्या त्या गप्प चेहऱ्यापुढे हात जोडू लागले. माझ्या सुडातून तुमचाच पुतळा घडला.

परवा तिथं गेलो, ते भेटेल त्याला खरं सांगायचंच असं ठरवून. पडद्यासमोर एक बाई डोळे पुसत होत्या. "केवढी माया हो झाडांवर. तुम्ही ओळखत होता यांना?"

"मी त्यांचा विद्यार्थी," एवढंच तोंडून निघालं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहितो. 'त्यांचा विद्यार्थी' म्हणताना माझी मान ताठ झाली होती.