गिऱ्हाईकाची खुर्ची

३ मार्च

आईंचा रिपोर्ट आला. नको होतं तेच निघालं. उजव्या स्तनात गाठ – लहान आहे, लवकर सापडली, ऑपरेशन करून टाकू, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, स्वयंपाकाला कधीपासून उभं राहता येईल! रडू मला आलं, त्यांना नाही. गाठ हाताला लागल्यावर पहिल्यांदा दाखवायलाही म्हणे एकट्याच जाऊन आल्या होत्या.

परत येताना गाडीतच नवऱ्याने फर्मान काढलं – धाकट्याला यातलं अक्षर कळता कामा नये. धाकटा म्हणजे माझे दीर. आधी गोळ्यांची नशा, मग ती सोडताना फोनवरचा पत्त्यांचा जुगार. एक भूत उतरवायला गेले आणि दुसरं मानेवर बसलं. आता दोन्ही सुटून वर्ष उलटलंय. आमच्याच मागच्या खोलीत राहतात, सोफे-खुर्च्यांना कापड चढवायच्या दुकानात काम करतात. "हे ऐकलं तर तो परत घसरेल," नवरा म्हणाला. मी मान डोलावली. आई चष्मा पुसत बसल्या होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

६ मार्च

कामावर नवीन अभ्यास सुरू झाला, तोही नेमका व्यसनाचा! नशा सोडलेले, जुगार सोडलेले आणि दोन्हीच्या वाटेला न गेलेले, अशी माणसं येणार. मी त्यांना स्कॅनच्या मशीनमध्ये झोपवायचं. आत पडद्यावर त्रास देणारे फोटो दिसतात. खाली कधी 'नुसतं बघा' असं येतं, कधी 'गोष्ट बदला'. म्हणजे फोटो तोच, पण मनात अर्थ दुसरा लावायचा – बाई रडतेय ती दुःखाने नाही, हरवलेलं पोर सापडलं म्हणून. मग एक ते चारमधलं बटण दाबायचं – किती त्रास झाला?

संशोधक बाईंनी समजावलं. मेंदूत आत बदामाएवढा एक भाग आहे, तो धोक्याची घंटा वाजवतो. कपाळामागचा भाग तिला आवरतो. बरीच वर्षं प्रत्येक दुःखावर गोळी नाहीतर डाव हाच उतारा केला, की आवरणारा भाग कमी पडतो, किंवा तेवढ्याच कामाला त्याची जास्त दमछाक होते. सोडल्यावर सवयीने तो किती सावरतो, हेच मोजायचंय. पण एकट्यादुकट्याच्या चित्रावरून कुणाबद्दल काहीही ठरवायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मी घरी येईपर्यंत भावजींबद्दल सगळं ठरवून मोकळी!

७ मार्च

भावजींसमोर आईंशी काय बोलावं तेच सुचेना. शेवटी पडदे धुवायला काढले.

११ मार्च

जुगार सोडलेले एक गृहस्थ आले होते. प्रत्येक फोटोला एक दाबला. अपघात – एक. आग – एक. काचेपलीकडून मला वाटलं, काय थंड माणूस आहे! बाहेर आले तर शर्ट पाठीला चिकटलेला. संशोधक बाई म्हणाल्या, एक दाबला म्हणजे शांत असं धरून चालू नका.

१४ मार्च

नवऱ्याने भावजींच्या मागे हेरगिरी लावलीय. डोळे लाल आहेत का, जेवण कमी झालं का, दुकानातून निघायला उशीर का. आज नवं काढलं – धाकटा हल्ली फोन दुकानातच ठेवून येतो, नक्की काहीतरी लपवतोय! पाकीट चाळून झालं, उशीखाली बघून झालं. आईंच्या तब्येतीबद्दल मात्र एक शब्द काढत नाही. मीच ऑपरेशनची तारीख सांगितली तेव्हा म्हणाला, हो हो, आधी याचं बघू.

१५ मार्च

भावजींनी दुकानातली एक खुर्ची घरी आणलीय. उंच पाठीची. तिचा उजवा हात डाव्यापेक्षा रुंद आणि चांगला वर उचललेला, त्यावर मऊ गादी. गिऱ्हाईकाची आहे म्हणाले. म्हटलं, गिऱ्हाईक वाकडं आहे की खुर्ची? भावजींच्या ओठांत बारीक खिळे धरलेले होते. नुसते डोळ्यांनी हसले. हे काम त्यांना याच्यासाठीच आवडतं – तोंडात खिळे असले की उलट बोलता येत नाही.

कापडाचे तुकडे आईंपुढे टाकले. आईंनी निळा उचलला. खुर्ची गिऱ्हाईकाची आणि रंग आमच्या घरचा!

१९ मार्च

आज भावजीच आमच्या अभ्यासात आले. उपचार केंद्रात पत्रक पाहून नाव दिलं होतं, मला पत्ताच नाही. नात्यातला माणूस आपण तपासायचा नाही असा नियम आहे, म्हणून मशीन सहकाऱ्याकडे सोपवून मी बाहेर थांबले.

नंतर कँटीनमध्ये चहा घेताना म्हणाले, सगळ्यात जड गेला तो एका म्हातारीचा फोटो. दवाखान्यातल्या पलंगावर पडलेली. माझा कप बशीवर आपटला.

"गोष्ट बदलता येईना आधी," ते म्हणाले. "मग म्हटलं, उद्या घरी जाणार आहे ही. तिची पिशवीसुद्धा भरून ठेवलीय."

आणि बिस्किट बुडवून खाल्लं. एवढं शांत! मला आनंद व्हायच्या ऐवजी भीतीच वाटली. खरं कळेल तेव्हा काय होईल?

२१ मार्च

आज स्फोट झाला – पण भलतीकडे. नळ नीट बंद केला नाही म्हणून नवरा भावजींवर असा ओरडला की शेजारची खिडकी उघडली. जुनं सगळं बाहेर आलं. आईचे हाल, बुडालेली अब्रू, सगळं. भावजी खुर्चीपाशी गुडघ्यावर बसून होते. खिळा ठोकला. दुसरा ठोकला. मग उठून नळ घट्ट केला. नळ नवऱ्यानेच उघडा ठेवला होता, मी पाहिलं होतं. मी गप्प बसले. लाज वाटतेय.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, सांगून टाकू या त्यांना. "तुला त्याच्या मेंदूची खात्री आहे?" म्हणाला. मला कुणाच्याच मेंदूची खात्री राहिलेली नाही.

२४ मार्च

ठरलं – आई मावशींकडे चालल्यात असं सांगायचं. मी भावजींच्या तोंडावर खोटं बोलले. त्यांनी आईंची पिशवी गाडीत नेऊन ठेवली, पाया पडले आणि म्हणाले, मावशीला आठवण सांग. आईंनी त्यांच्या केसांतून हात फिरवला, बराच वेळ.

२५ मार्च

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली. हुश्श!

२८ मार्च

आईंना सोडलं. नर्सने निघताना बजावलं – काही आठवडे उजवा हात टेकलेला ठेवा. मऊ आधार द्या, जरा उंचावर.

घरी आलो. आईंच्या खोलीत खिडकीपाशी निळी खुर्ची. आई तिच्यात बसल्या, हात नेमका त्या रुंद गादीवर विसावला. गादीची उंची बोटभरही इकडेतिकडे नाही. "बरोबर झालीय रे," आई म्हणाल्या. नवरा दारातच उभा.

मग आईंकडूनच सगळं कळलं. गाठ हाताला लागल्यावर त्यांनी सगळ्यात आधी भावजींनाच सांगितलं होतं. दाखवायला त्या एकट्या गेल्याच नव्हत्या. त्या दिवशी भावजींचा हात आपोआप फोनवरच्या पत्त्यांकडे गेला, तेव्हापासून फोन ते दुकानमालकाच्या कपाटात ठेवतात.

२९ मार्च

विचारलं, आम्हाला बोलला का नाहीत? भावजींनी ओठांतले खिळे काढून तळहातावर घेतले.

"दादा माझ्यावर पाळत ठेवत होता तोवर त्याला आईची भीती वाटायला वेळ नव्हता. म्हटलं, राहू दे. भीती सोसायची त्याला सवय नाही, वहिनी."

नवरा सकाळपासून आईंच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसून रडतोय.