शेवटून दुसरं प्रकरण

उचगाव,
रविवार, ता. ८ नोव्हेंबर १९९८

चि. प्रीतीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. आर्यनचा ताप उतरला हे वाचून जिवात जीव आला. नागपूरच्या थंडीत त्याला जपा, असं लिहिणार होतो, पण नर्सला मी काय सांगणार?

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचे गुडघे तिच्यापेक्षा जास्त कुरकुरतात. तुझ्या भाऊरायाची, प्रसेनजीतची शिरोलीला कारखान्यात रात्रपाळी चालू आहे. तो दिवसा झोपतो, म्हणून आम्ही दोघं घरात चोरासारखे वावरतो. हातकणंगल्याच्या धोंडुबाईच्या नातीचं जमलं. मुलगा बँकेत आहे.

माझं म्हणशील तर सदर चालू आहे. ‘संशयित कोण?’ रविवारच्या पुरवणीत अजून त्याच जागी येतं, राशिभविष्याच्या खाली. फौंड्रीच्या स्टोअरमध्ये बसून मी रहस्यकथा वाचायचो तेव्हा लोक हसायचे. आता बसमध्ये अनोळखी माणूस खांद्यावर हात ठेवून विचारतो, ‘पावणं, पेपरातलं तुम्हीच न्हवं? ह्या बारीचा खुनी कोण, कानात सांगा की!’ मी सांगत नाही. रहस्यकथेवर लिहिणाऱ्यानं दोनच पथ्यं पाळायची असतात. शेवट फोडायचा नाही, आणि शेवट वाचल्याशिवाय लिहायचं नाही.

गेल्या महिन्यात मात्र थोडी कटकट झाली. ‘मळीची टाकी’ नावाची कादंबरी आली होती. लेखिका कोल्हापूरच्याच, अवंतिका नावाच्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, आणि ही त्यांची पहिलीच कादंबरी. साखर कारखान्याच्या टाकीत हिशेबनिसाचं प्रेत सापडतं, आणि त्याच्या चपला मात्र गेटाबाहेर नीट जोडून ठेवलेल्या असतात. मी लिहिलं की पुस्तक चांगलं आहे, पण चपला गेटाबाहेर कशा आल्या हे सांगायला लेखिका विसरल्या. पुढच्याच रविवारी बाईंचं पत्र छापून आलं. ‘शेवटून दुसऱ्या प्रकरणात त्या चपलांखेरीज दुसरं काहीच नाही. समीक्षकांनी ते वाचलेलं दिसत नाही.’ पुरवणी बघणारा गुरुप्रसाद म्हणून एक तरुण संपादक आहे, त्यानं मला न विचारता ते छापलं. त्याचं काही चुकलं नाही.

छपाई फार वाईट होती गं. शाई फिकट आणि टाइप बारीक. तेवढं प्रकरण नजरेतून सुटलं असेल, दुसरं काय? एवढ्यावरून लोक बसस्टॉपवर माझ्याकडे बघून हसतात, असं मला उगीच वाटत राहतं.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, ओळीही वर चढल्या असतील. पेन नवीन आहे. खाली पाट घ्यायलाही विसरलो.

जावईबापूंना जयभीम. आर्यनला गोड पापा.

तुझे,
बाबा

⁂

उचगाव,
ता. २४ जानेवारी १९९९

चि. प्रीतीस,
सप्रेम जयभीम.

अक्षर बघून दचकू नकोस, तुझ्या आईचं आहे. मी सांगतोय आणि ती लिहितेय. मध्ये तिचं काही घुसलं तर ते माझं समजू नकोस.

तुझ्या पत्रात कुशल विचारून झाल्यावर एकच ओळ होती, ‘बाबा, डोळे कधी दाखवले?’ नर्स झालेल्या मुलीला फसवणं अवघड असतं. पेन जुनंच होतं. पुस्तकाची छपाईसुद्धा चांगली होती. मला काचबिंदू झालाय.

वर्षभर पानाच्या कडा पुसट होत चालल्या होत्या. मी चष्मा बदलला, बल्ब बदलला, अंगणात उन्हात बसून पाहिलं. शेवटून दुसरं प्रकरण माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं, प्रीती. मला ते वाचताच आलं नाही. शेवटच्या पानावर खुन्याचं नाव मोठ्या कष्टानं लावलं, आणि मधलं अंदाजानं धरून लिहून टाकलं.

(हे मला बी सांगिटलं न्हवतं. आज लिव्हताना कळतंय. — आई)

तुझ्या पत्रानंतर आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर सरळ बोलणारे निघाले. म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली थेंबांनी टिकवू. येताना बसमध्येच मी मनाशी ठरवलं, सदर बंद. घरी आल्या आल्या पुस्तकं पोत्यात भरायला लागलो. वाचनालयाला देऊन टाकणार होतो.

ती दारात उभी राहिली. ‘काय चाललंय?’

‘आता ह्यांचं काय काम?’

‘आणा हिकडं. अक्षरं मला बी येतात.’

तुला आठवणार नाही, पण विहारात बायकांचा वर्ग चालायचा तेव्हा ती तुला मांडीवर घेऊन बाराखडी शिकली. त्यानंतर तिनं वंदनेचं पुस्तक वाचलं, बसच्या पाट्या वाचल्या, आणि बाकी सगळं वाचायला घरात मी होतोच. मी म्हणालो, ‘अगं, ही खुनाची पुस्तकं आहेत, तुला नाही झेपायची.’

‘व्हय, खून काय तुमच्या वाडवडिलांच्या मालकीचा हाय?’

तिनं ‘मळीची टाकी’च उघडली. पहिल्या दुपारी ‘हिशेबनीस’ हा शब्द तिनं तीन तुकड्यांत वाचला. मी सुधारला. पुढचाही सुधारला. त्याच्या पुढच्याला तिनं पुस्तक मिटून माझ्या मांडीवर आपटलं. ‘एवढं मास्तर हुयाचं हाय तर शाळंत जावा!’ आणि स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांवर राग काढला. प्रसेनजीत झोपेतून उठून बाहेर आला. त्याला वाटलं, खरंच कुणाचा तरी खून झाला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तीच पुस्तक घेऊन आली. म्हणाली, ‘त्या हिशेबनिसाच्या बायकोचं काय झालं ते बघायचं हाय मला. तुम्ही गप ऐका.’

मी गप्प बसून ऐकत राहिलो. हळूहळू तिचा आवाज सैल झाला. शब्द अडखळत असले तरी वाक्य कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळत होतं. असे काही दिवस गेले आणि आम्ही त्या प्रकरणापर्यंत आलो. चपला खुन्यानं ठेवलेल्याच नव्हत्या. नवरा घरी का आला नाही म्हणून बायको कारखान्यात बघायला येते. टाकीजवळ तिला त्याच्या चपला दिसतात. तो मेलाय हे तिला माहीत नसतं. ती चपला उचलते, पदरानं पुसते आणि गेटाबाहेर जोडून ठेवते. सुटी झाल्यावर तो बाहेर आला तर त्याला अनवाणी चालावं लागू नये, म्हणून.

तुझी आई तिथं थांबली. मला वाटलं शब्द अडलाय. मी विचारलं, ‘लागत नाही का?’ तर म्हणाली, ‘लागतंय. जरा थांबा की.’

मी त्या चपलांना पुरावा म्हणून बघत होतो. त्या पुरावा नव्हत्याच.

(आता रडाय लागल्यात. मी जरा च्या करून येतो. — आई)

दुसऱ्या दिवशी प्रसेनजीतला घेऊन कोल्हापुरात गेलो. गुरुप्रसादला सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. म्हणालो, ‘खुलासा छाप. मी प्रकरण न वाचता लिहिलं, आणि तेच या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे. आणि आता सदर दुसऱ्याला दे.’ त्यानं खुलासा लिहून घेतला. मग म्हणाला, ‘काका, दिसत नाही ते कळलं. ऐकायला येतंय न्हवं?’

पुढचं पुस्तक त्यानं माझ्या पिशवीत कोंबलं.

ते पुस्तक आमचं अर्धं वाचून झालंय. तू काळजी करू नकोस असं सांगणार होतो, पण तू करणारच. थेंब वेळेवर घालतो.

(मी घालतो. — आई)

तुझे,
बाबा

⁂

उचगाव,
१० आक्टोबर १९९९

प्रीती पोरी,
जयभीम.

ह्यो कागद मी माझ्या मनानं लिव्हतोय. तुझे बाबा प्रसेनजीतसंगं हातकणंगल्याला लग्नाला गेल्यात. माझं गुडघं धरलं म्हणून मी ऱ्हायलो. चुकलं तर चुकलं, तू समजून घे.

आधी डोळ्याचं सांगतो. ते म्हणालते, प्रीतीला कळवू नको, रडंल. रड जरा, पर तुला कळलं पायजे. उजव्या डोळ्याचं आता संपल्यात जमा हाय. डावा हाय तसा हाय. परवा डॉक्टर म्हणाले, ह्यो टिकला, थेंब चुकवू नका. मागल्या महिन्यात बसस्टॉपवरनं येताना गटारीत पाय गेलता. खरचटलं, बाकी काय न्हाय. तवापासनं काठी घेत्यात. आधी घेत न्हवते, लाज वाटायची. मी म्हटलं, पेपरात नाव छापून येतंय तवा लाज वाटत न्हाय, मग काठीचीच कशाला? मग घ्यायला लागले.

आता चांगलं सांगतो. सदर चालू हाय. मी वाचतो, ते ऐकत्यात, मग सांगत्यात आन मी लिव्हतो. प्रसेनजीत शिरोलीला जाता जाता पेपरात देतो. तुला वाटंल आई आता शिकली. न्हाय, अजून जोडाक्षरं आली की माझं तोंड वाकडं हुतंय. पर ते आता सुधारत न्हाईत. गप बसत्यात. येवढी वर्षं संसार झाला, पर माझं बोलणं येवढा येळ हूं का चूं न करता त्यांनी कधी ऐकलं न्हवतं. पुस्तकातलं का आसंना, आवाज माझाच की.

आमची भांडणं बी हुत्यात. त्यांचं सगळं खुन्यावर ध्यान. कुलूप कसं उघडलं, घड्याळ का बंद पडलं. मी इचारतो, मेला त्येच्या घरात आज चूल पेटली का? त्यो कुणाचा ल्योक हुता? एका पुस्तकात तीन माणसं मेली आन कुणीच रडलं न्हाय. मी म्हटलं, असलं कसलं गाव म्हणायचं हे? ते आधी हसले. म्हणाले, रहस्यकथेत तसंच आसतंय. मग इचारात पडले आन तेच पेपरात घातलं. ‘आमच्या शेवंताबाई विचारतात’ असं माझं नाव घालून. लई लोकांची पत्रं आली. गल्लीतली आक्का माझ्याकडं बघून म्हणाली, ‘आता तुझ्याशी जपून बोलाय पायजे बाई.’

आता दुपारी आक्का आन शेजारच्या बायका बी भायेरच्या सोप्यात येऊन बसत्यात. कुणी लसूण सोलतंय, कुणी तांदूळ निवडतंय. खुनी कोण त्येच्यावरनं अशा भांडत्यात की रस्त्यावरची माणसं थांबत्यात. बाबा खुर्चीत बसून मिशीत हसत्यात.

आन एक दिवस ती अवंतिका बाई स्कूटरवरनं आली. मळीच्या टाकीवाली. मला वाटलं भांडायला आली. बाबा उठून उभारले आन हात जोडले. म्हणाले, ‘बाई, मी तुमचं प्रकरण न वाचता लिहिलं.’ ती म्हणाली, ‘तुमचा खुलासा मी कापून ठेवलाय. पण मी तुमच्याकडं नाही आले. शेवंताबाई कोण?’

मी शेणाच्या हातानं तसाच उभा. म्हटलं, ‘मीच की.’

तिनं नवी गोष्ट लिव्हलीया. छापायच्या आधी मी वाचावी म्हणाली. मला काय सुचंना. बाबा म्हणाले, ‘घे की.’ मग मी हात धुवून ते कागद घेतले. हातानं लिव्हलेलं, आन बाईचं अक्षर लई वंगाळ, म्हणून येळ लागला. वाचून झाल्यावर ती परत आली. मी म्हटलं, ‘बाई, चांगलं हाय, मला झोप आली न्हाय. पर तुझ्या पुस्तकात कुणी जेवतच न्हाय. फौजदार सुदीक उपाशी हिंडतोय.’ बाबा येवढ्यांदा हसले, येवढ्यांदा हसले, की ठसका लागला. त्या दवाखान्यापासनं मी त्यांचं असं हसणं ऐकलं न्हवतं. बाई बी हसली, आन कागदावर कायतरी लिव्हून घेतलं.

ती गेल्यावर मी त्यांना इचारलं, ‘डावा बी गेला तर?’

म्हणाले, ‘तुझा घसा बसला तर काय, त्याची मला जास्त धास्ती आहे.’

मी आता रोज ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरतो.

पोरी, तुला सासरी जाऊन येवढी वर्षं झाली. कागद आला की बाबा वाचून दाखवायचे, कागद गेला की खाली ‘आईचा आशीर्वाद’ असं तेच लिव्हायचे. मला वाटायचं, माझं काय वेगळं सांगायचं आसतंय? आसतंय की. आज लिव्हायला बसल्यावर कळलं. कागद संपला तरी सांगायचं संपलं न्हाय.

आर्यनला म्हणावं, आजी गोष्ट वाचून दाखवती, सुट्टीला ये. भूताची न्हाय, खुनाची.

आन उत्तर घालशील तवा पाकिटावर बाबांचं नाव नगं घालू. आजपतोर पोस्टमननं माझ्या नावानं कायबी आणल्यालं न्हाय. पत्ता खाली लिव्हतो, बघून नीट घाल.

शेवंताबाई दादासो कुरणे,
मु. पो. उचगाव,
कोल्हापूर.