कांद्याचं पाणी आणि लाल दिव्याचा मास्क

२ फेब्रुवारी, सोमवार
मास्क आला! डोळ्यांवर बांधून झोपायचं. स्वप्न सुरू झालं की आत लाल दिवा लुकलुकतो. तो स्वप्नातही दिसतो, आपण ओळखतो की हे स्वप्न आहे, आणि मग आपलीच सत्ता. मी प्रवरेवरून उडणार.

बायको, ज्योती, तिच्या बहिणीच्या डोहाळजेवणाला पारनेरला गेली. जाताना म्हणाली, चार दिवस कांद्याला पाणी तेवढं द्या, या हप्त्यात लाईट दिवसा हाय. एवढं काय सांगायचं? सगळं मीच बघतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी ३
जेवून मास्क लावला. लाल दिवा दिसला! पण मला वाटलं विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचा. लाईट आली म्हणून पळालो, बटण दाबलं, सगळे वाफे भिजवले. मग जाग आली. इतका दमलो होतो की खऱ्या कांद्याकडे जायचं त्राण उरलं नाही. उद्या नक्की.

४ फेब्रुवारी, बुधवार
पुन्हा तेच. मास्कच्या व्हिडिओत सांगितलंय, शंका आली की बोटं मोजा, स्वप्नात चुकतात. मोजणार होतो, पण हातात फावडं होतं.

ज्योतीचा फोन. पाणी दिलं का? दिलं म्हणालो. खोटं कुठे आहे, दोनदा दिलंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी
जमलं!! विहिरीवर उभा होतो. स्टार्टरचा लाल दिवा लागला. या वेळी फसलो नाही. लगेच ओळखलं, स्वप्न! बटणाला हातही लावला नाही. शेजारचा गोरक्षनाथ बांधावरून ओरडला की लाईट आली, मोटार चालू कर, कांदा माना टाकायला लागलाय. त्याला म्हणालो, तू खरा नाहीस. बिचारा बघतच राहिला. मग बांधावर चढलो, हात पसरले आणि उडालो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मास्क घरी चार्जिंगला होता.

पाय घोट्यात मुरगळलाय. गोरक्षनाथ खरा निघाला. त्यानेच घरी आणलं आणि ज्योतीला फोनही केला. ही चहाडी मला आवडली नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
ज्योती सकाळच्या एसटीने आली. पिशवी ओट्यावर ठेवली ती थेट विहिरीवर. दुपारपर्यंत एकटीने सगळे वाफे भिजवले. कांदा वाचेल म्हणते. मी खाटेवर पाय वर करून होतो. वाईट वाटलं, खरंच.

परत आल्यावर पायाला हळद लावून दिली. विचारलं, किती लांब उडालात? दीड हात, म्हणालो. लई झालं, म्हणाली, आणि मास्क स्वतःच माझ्या डोळ्यांवर बांधला. झोपा म्हणाली, तसंबी तुमचं दुसरं काय काम हाय?

संध्याकाळी ५
आज मात्र खरोखर जमलं. लाल दिवा दिसायच्या आतच ओळखलं की हे स्वप्न आहे. बोटंही मोजावी लागली नाहीत.

समोर ज्योती उभी होती आणि म्हणत होती, तुमी होतात म्हणून कांदा वाचला.