मुकादमाच्या रांगेतून घरी

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कॉलेजातून घरी येताना काय काय दिसतं ते लिही, असं तू बजावलं होतंस. दिसतं ते छानच आहे. ऐकू येतं त्याचीच शिसारी येते.

प्रयोगशाळेतून बाहेर पडलं की उतार. उतारावर लाँड्री, दारातून साबणाची ऊब थेट रस्त्यावर येते. मग पूल, पुलापलीकडे किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी, आणि वळलं की आमची गल्ली. दिवसभर यंत्रांशी डोकं लावल्यावर इतकं चालणं म्हणजे सुख. पण सुखाची माती करायला आपलाच माणूस लागतो.

त्याला मी मुकादम म्हणते. आपल्याकडचाच. इथे परदेशात इतकी वर्षं शिकतोय की आता त्याच्या पुस्तकांनाही त्याचा वीट आला असेल. आपल्याकडच्या सगळ्या मुलामुलींनी संध्याकाळी एकत्र घरी जायचं, हा त्याचा कायदा. पुढे तो, मागे आमची रांग. वाटेत दिसेल त्याची तो आपल्या भाषेत टिंगल करतो. लाँड्रीवाल्या बाई दारात आल्या की मान लववून, गोड हसून म्हणतो, "काय म्हशी, डुंबून झालं का?" बाईंना वाटतं, पोरगा विचारपूस करतोय. त्या हात हलवतात आणि आमची रांग खिदळते. हे शौर्य असेल तर आरशावर भुंकणाऱ्या कुत्र्यालाही पदक द्यायला हवं.

सोमवारपासून मी रांग सोडली. एकटी येते. तुझ्या गुडघ्याचं कळव.

तुझ्या रागालोभाची धनी,
भवानी


१९ मार्च

चि. भवानीस अनेक आशीर्वाद.

गुडघा माझ्यासारखाच आहे, कुरकुरतो पण वाकत नाही.

काल सकाळी तुझा बाप चहासुद्धा न घेता माझ्या दारात. मुकादमाने त्याला कळवलंय की मुलगी एकटी भटकते, कुणाचं ऐकत नाही, उद्या काही झालं तर आम्हाला बोल लावू नका. झालं! दादाने निकालच लावला. रांगेतून घरी यायचं, नाहीतर परीक्षा झाली की सामान बांधायचं. दुसरं वर्ष विसरायचं.

मी त्याला म्हटलं, ज्या पोरीला तू समुद्र ओलांडू दिलास, तिला पूल ओलांडायला सोबत लागते? त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, लोक काय म्हणतील. मी विचारलं, कोणते लोक, नावं घे. एकही घेता येईना. पण भित्र्याशी वाद घालून उपयोग नसतो गं, पटल्यावरही तो घाबरतोच. गेला तेव्हा हुकूम होता तसाच होता.

म्हणून सांगते, चाल त्या रांगेत. कानात बोळे घाल, दगड हो, पण दुसरं वर्ष सोडू नकोस. अशा माणसांवर पदवी ओवाळून टाकण्याइतकी त्यांची लायकी नाही.

माया आहे तशीच आहे, तू जिवाला जप.

आत्या


२ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सभेत भाषणं करून तू डोंगर हलवतेस आणि मला पत्रातून कापसाचे बोळे पाठवतेस, याचा राग दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी निमूट रांगेत उभी राहिले.

बाबांनी रांगेत चालायला सांगितलं होतं, तोंड मिटायला नव्हे. मुकादमाने नेहमीप्रमाणे बाईंना हाक मारली. मी थांबले आणि त्यांच्या भाषेत शब्द न शब्द सांगून टाकला. हेही सांगितलं, की हा रोजच असं म्हणतो आणि आम्ही त्यालाच हसतो.

बाईंनी इस्त्री उभी केली, बाहेर आल्या आणि त्याला विचारलं, खरं का? तो म्हणाला, आमच्याकडे म्हैस हा मानाचा शब्द आहे. रांगेतल्या एकालाही हसू आलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मग त्या एवढंच म्हणाल्या, की तिकडची मुलं किती अदबीची, असं मी माझ्या लेकीला सांगत होते.

त्या आत गेल्या. तेव्हापासून आमच्यातल्या कुणालाच त्या हात करत नाहीत. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी किल्लीवाल्यापाशी मुकादमाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग गल्लीपर्यंत कुणी बोललंच नाही. टिंगल काढून घेतली तर या रांगेकडे बोलायला काही उरतच नाही, आत्या. परवापासून त्याला संध्याकाळची फार कामं निघाली आहेत.

रागावली असलीस तरी पत्राने रागाव.

भवानी


२० एप्रिल

चि. भवानीस अनेक आशीर्वाद.

दादा आज मिशीतल्या मिशीत हसत आला. मुकादमाने नवं वर्तमान धाडलंय: आपली कन्या अत्यंत खंबीर आहे, तिला सोबतीची गरज नाही, तिने एकटीनेच जाणं सर्वांच्या हिताचं. यातल्या 'सर्वांच्या'वर मी इतकी हसले की दादाने पाणी आणून दिलं. तू दुसरं वर्ष कर, असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला, वर ही हिंमत आमच्या घराण्याचीच, असंही. कुणाची ते मी विचारलं नाही.

बोळ्यांचं बोललीस ते झोंबलं. झोंबू दे.

आत्या


६ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल रांगेतल्या दोघी आल्या, म्हणाल्या, तुझ्याबरोबर येऊ का? म्हटलं, या, पण आधी लाँड्रीत जाऊन सांगा, तुम्ही रोज कशाला हसत होतात ते.

एकीने लगेच दुसरा रस्ता धरला. इतकी झपाझप ती कधी वर्गालाही गेली नसेल. दुसरी दारापाशी बराच वेळ पिशवीचा बंद पिळत राहिली. माझ्या हातात पुस्तकं देऊन मग आत गेली.

मी बाहेर थांबले. बऱ्याच वेळाने ती आणि बाई दारात आल्या. बाईंनी तिच्याशी दोन शब्द बोलून मला विचारलं, तुझं काय, तूही हसत होतीस? मी सांगितलं, नव्हते हसत, पण बरेच दिवस गप्प होते. त्या म्हणाल्या, मग तूही आत ये.

आशीर्वाद असू दे, तो लागणार आहे.

भवानी