बनातीवरची खळ

बाबा, क्लबातल्या बिलियर्डच्या टेबलाच्या बनातीला, त्या लोकरी कापडाला, खळ मी लावली होती. तुम्हाला ते कळलं होतं, आणि तुम्हाला कळलं आहे हे मलाही कळलं होतं. तरी त्यानंतर चार वर्षं आपण एका घरात राहिलो आणि त्यावर एक शब्द बोललो नाही. तुम्हाला जाऊनही आता सहा वर्षं झाली. आज रविवार, आई देवळात गेली आहे आणि मी सकाळपासून नुसती उठते आहे, बसते आहे. दार लावलं, पुन्हा उघडलं. मंगळवारी वकीलसाहेब भेटले तेव्हापासून हे असं चाललं आहे. पण ते क्रमानं सांगते, नाहीतर माझ्या सोयीचं तेवढंच लिहीन.

आपल्या घरात कितीतरी पिढ्या माग चालला. सूत पुरेसं मिळेनासं झालं तेव्हा तुम्ही सिव्हिल लाइन्समधल्या क्लबात लागलात, आधी बिलियर्डच्या टेबलांचं कापड ताणायला आणि मग मार्कर म्हणून. गुण मांडायचे, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला चामडं चिकटवायचं, रोज सकाळी टेबल झाडून त्यावर इस्त्री फिरवायची, आणि साहेबांना खेळ शिकवायचा, पण शिकवतो आहे असं त्यांना वाटू न देता. मला अक्षरं आईनं शिकवली आणि भूमिती तुम्ही, शाळेच्या कितीतरी आधी. चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर लिंबं मांडून तुम्ही म्हणता आहात, "लाल गोटीकडे पाहू नको. तिले ज्या खिशात धाडाची हाय, त्याच्या उलट बाजूनं तिले चिकटून अजून एक गोटी ठेवली हाय असं समज. आपली गोटी त्या नसलेल्या गोटीच्या जागी ने. बाकीचं त्या दोघी पाहून घेतीन." आई भाकरी थापता थापता म्हणते, "अवो, लिंबं इकडे द्या माह्याकडे. पोरीले का साहेबासंग खेळाले पाठवता?" आणि तुम्ही, "काहून नाही? साहेबापेक्षा हिचा डोळा सरळ हाय." आता मी मुलींच्या शाळेत भूमिती शिकवते. एकमेकांना टेकलेली दोन वर्तुळं काढायच्या आधी मी फळ्याशी वाकून पाहते, आणि मुली हसतात.

सुट्टीच्या दिवशी तुमचा डबा घेऊन मी मागच्या दारानं यायची. बिलियर्डच्या खोलीत बायकांना मनाई होती, पण सकाळी आठला तिथं तुमच्याशिवाय कोणी नसे. बनात लोकरीची असते, तिला लव असते आणि ती लव एकाच बाजूला निजलेली असते, हे तुम्ही माझा तळहात धरून दाखवलंत. जाताना हात मऊ जातो, येताना अडतो. ब्रशही त्याच बाजूनं, इस्त्रीही त्याच बाजूनं. नाहीतर हळू चाललेली गोटी शेवटच्या वितीत वाट सोडते. तुमचं सगळं मी ऐकलं होतं. तरी अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी, तुमची इस्त्री झाल्यावर सेक्रेटरीसाहेबांनी तुम्हाला बोलावलं तेव्हा, मी ते केलं. कोपऱ्यातल्या एका खिशासमोर कापड पिंजारलं होतं, मागावर ताणलेल्या सुताचे तंतू उभे राहतात अगदी तसं. घरी असं झालं की आई खळ लावून कुंचा फिरवते आणि तंतू मुकाट निजतात. मला हे अचानक सुचलं नव्हतं, हे लिहायलाच हवं. ती जागा मी आठवड्यापूर्वीच पाहून ठेवली होती आणि डब्याबरोबर वाटीभर पातळ खळ घरून आणली होती. बोटांनी लावली, सुकू दिली, वरून कोमट इस्त्री फिरवली. जागा इतकी सपाट झाली की तुम्हाला सांगायचं नाही, तुम्हीच पाहून शाबासकी द्यावी, असं मी ठरवलं. तुम्ही घाईत होतात. तुम्ही पाहिलंच नाहीत.

सामना मी पाहिला नाही, तरी तो मला दिसतो. वकीलसाहेब वाकले आहेत, एवढा एक फटका साधला की जिंकणार. लाल गोटी सावकाश, सरळ खिशाकडे निघते आणि तोंडाशी येऊन, दमट हवेनं पुन्हा चिकट झालेल्या माझ्या खळीवर, चिखलात रुतल्यासारखी थांबते. जिंकतात डॉक्टरसाहेब, ज्यांना तुम्ही रोज संध्याकाळी शिकवत होतात. मग मार्करनं आपल्या लाडक्यासाठी टेबल बिघडवलं, हे ठरायला किती वेळ लागणार? क्लबाचा खानसामा नंतर आईला सांगत होता, तुम्ही त्या जागेवर अंगठा फिरवला, नाकाशी नेला आणि म्हणालात, "टेबल माह्या ताब्यात होतं, साहेब." बस, एवढंच. क्लबातली नोकरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही परत मागावर. मला म्हणालात, "सुताले खळ लागते वं. लोकरीले नाही." आणि जेवायला बसलात. तुम्ही मला मारलं असतं तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते.

मंगळवारी मला नोकरीत कायम करायचं म्हणून शाळेच्या समितीनं बोलावलं. समितीत तेच वकीलसाहेब. केस पांढरे झालेत. वडील काय करायचे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "अरे वा, तुम्ही त्यांच्या कन्या!" ते एकदम खूश झाले. बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "काय हात होता हो त्या माणसाचा! फक्त एकदा नियत फिरली. डॉक्टरवर जीव होता ना त्यांचा. चालायचंच, माणूस आहे. मी तर कधीच माफ केलं. खरं ना, बाई?" सगळे मायेनं हसले. कोणीतरी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला. आणि बाबा, मी मान हलवली. होय म्हणून हलवली. इथं मी आधी ‘नकळत’ असं लिहिलं होतं, तो शब्द खोडला आहे.

आईला सांगितलं की मी गप्प बसले. तेही खोटंच. वकीलसाहेबांचं घर धंतोलीत, शाळेपासून दहा मिनिटांवर. बुधवारी फाटकापर्यंत गेले, शुक्रवारीही गेले. आत त्यांची नात झोपाळ्यावर मोठ्यानं पाढे म्हणत होती. काय बोलायचं ते पाठ होतं. तीन वाक्यं होती, तिसऱ्यात तुमचं नाव. पण मला कायम करायच्या हुकमावर वकीलसाहेबांची सही उद्या सोमवारी व्हायची आहे. सही झाली की जाईन, असं मी ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर मला भूक लागली, चार दिवसांत पहिल्यांदा. सहीनंतर तरी जाशील का, हे वकीलसाहेब विचारू शकत नाहीत, खळ माझी होती हे आईला तर ठाऊकच नाही. तुम्ही विचारलं असतं. पण तुम्ही आता विचारणार नाही, म्हणून तर तुम्हाला लिहिते आहे.