पहिल्या अंकावरचं कुंकू

२२ सप्टें.
घटस्थापना. घट बसवला नाही. ताईचा पुण्याहून फोन, "वर्ष होईपर्यंत सण करायचा नाही हं, शुभा." बरं म्हटलं. संजय जाऊन पाच महिने. अजून रडू आलेलं नाही. कामावर जाते, कचऱ्याचा बिन बाहेर ठेवते, वरणभात खाते. लोक म्हणतात, किती धीराची! धीर कसला डोंबलाचा.

संध्याकाळी डेलरॉयचा फोन. सं.चा शाळेपासूनचा दोस्त. ऑक्टोबरात लायब्ररीत डस्कवॉर्डन कॉमिकच्या पन्नास वर्षांचं प्रदर्शन, तोच सगळं बघतोय. अंक नं. १ हवाय. सं.चा.

२४ सप्टें.
कपाटातून काढला. प्लास्टिकच्या पिशवीत. कव्हरवर वॉर्डन. दिवसा बर्मिंगहॅमचा काळा बस ड्रायव्हर, अंधारलं की शहराचा राखणदार. कपाळावर माझं कुंकू.

लग्नानंतरचा पहिला दसरा. पूजेला पुस्तकं मांडायची तर घरात मराठी पुस्तक एक नाही, सं. इथेच इंग्लंडात जन्मलेला. म्हटलं, हा जे सगळ्यात जपतो ते मांडू. वर चेहरा दिसला, लावलं कुंकू. चांगलं ओलं. सं. घरी आला, "ओ शुभा, नो." एवढंच. श्रीखंडाला हात लावला नाही. मला वाटलं, कॉमिक तर आहे, एवढं काय!

मग डेलरॉयनं सांगितलं. शाळेत दोघांना कुणी खेळायला घ्यायचं नाही. दोघांत हा एकच अंक, आठवडा याच्याकडे, आठवडा त्याच्याकडे. वॉर्डनसुद्धा आळीपाळीनं व्हायचे. डेलरॉयच्या लग्नात त्यानं आपला वाटा सं.ला देऊन टाकला.

पुढच्या दसऱ्याला सं.नं स्वतःच अंक पाटावर आणून ठेवला. मग दरवर्षी. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. बोलायला हवं होतं.

२७ सप्टें.
डेलरॉय आला, बरोबर लायब्ररीची जुने कागद दुरुस्त करणारी बाई. भिंगातून बघितलं. "रंग सांडलाय का?" "नाही, पूजेचं आहे. माझी चूक." बराचसा डाग निघेल म्हणाली. फॉर्म दिला. डाग काढावा / राहू द्यावा, एकावर खूण. गुरुवारी सांगा. मी चहा केला, साखर घालायला विसरले. बिचारे प्यायले.

२९ सप्टें.
लेकीचा फोन, इरा, क्रॉयडनहून. "आई, क्लीन करून टाक ना. बाबाचा ड्रीम होता ते, सगळ्यांनी बघायचं."
"बरं."
"बरं म्हणजे येस की नो?"
ट्रॅम आली म्हणून तिनंच फोन ठेवला.

३० सप्टें.
डेलरॉय एकटाच आला. म्हणाला, "मागे मी त्याला एक बिनडागाचा अंक शोधून आणला होता. घेतला नाही. म्हणाला, मग पूजेत कुठला ठेवू? हा तिच्या हातचा आहे. शेवटी मी तो एका शाळेला दिला."

मी कप विसळत राहिले. मग विचारलं, "तुला कसा हवा?"

"खरं सांगू? स्वच्छ. आमच्यासारखा काळा माणूस आधी कॉमिकात फक्त मार खायला असायचा. हा पहिला, ज्याला आई, घर, नोकरी, सगळं होतं. पोरं येतील, त्यांना तो जसा छापला तसा दिसावा. तो एकट्या तुमच्या घरचा नाही, शुभा."

बरोबर आहे त्याचं. हाच तर ताप आहे.

१ ऑक्टो.
काही नाही. ऑफिस. येताना दुकानात शिरले, श्रीखंडाचा डबा आणला. का, माहीत नाही. ताईला सांगायचं नाही.

२ ऑक्टो.
दसरा. डेलरॉय अकराला फॉर्म न्यायला येणार. सण नाही, माहीत आहे. तरी पाट मांडला. अंक पिशवीतून काढला. करंडा पाच महिन्यांनी उघडला. कुंकू नाही लावलं, नुसतं कोरडं बोट डागावर टेकवलं. माझंच बोट, तेव्हाचं, आत्ताचं. बरोब्बर बसलं.

आणि रडले. शेवटी एकदाची. मोठ्यानं, नाक गळेपर्यंत. अंकावर पडायला नको म्हणून आधी तो लांब सरकवला, मग पुन्हा रडले.

बेल वाजली. तोंड धुतलं, दार उघडलं.
डेलरॉयनं आधी पाट बघितला, मग मला. "फॉर्म?"
टेबलावर होता. कोराच.
"आधी बस," म्हटलं, "श्रीखंड खा."